जुनी गाडी घेतल्यापासून स्टिअरिंग थरथरते आणि गाडी डावीकडे ओढते: तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

मनीषनगरकर (प्रश्न)

नमस्कार.

एप्रिलमध्ये मी २०१५ सालची, ६२,००० किलोमीटर चाललेली पेट्रोल हॅचबॅक एका गृहस्थांकडून विकत घेतली. घेण्यापूर्वी ती चालवून पाहिली होती, पण संध्याकाळी नागपूरच्या वर्धा रोडवरच्या गर्दीत, त्यामुळे वेग ताशी पन्नासच्या वर गेलाच नाही. इंजिन, गिअर, एसी, विमा आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी मी बारकाईने पाहिल्या. चाकांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले नाही, आणि आता सगळा त्रास तिथूनच होतो आहे.

गाडी घेतल्यावर पहिल्यांदा अमरावतीला निघालो. वाडी मागे पडून रस्ता मोकळा झाला आणि वेग ८० वर गेला, तशी स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू झाली. ९० ते ९५ च्या दरम्यान ती इतकी वाढली की समोरच्या कप्प्यात ठेवलेला किल्ल्यांचा जुडगा वाजू लागला. १०५ च्या पुढे मात्र ती बरीच कमी झाली. ब्रेक दाबला म्हणून ती वाढत नाही. दुसरी तक्रार अशी की सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचा हात सैल केला की चार-पाच सेकंदांत गाडी डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे जाऊ लागते. तिसरी तक्रार शहरातली आहे. सिमेंटचा रस्ता संपून गट्टू सुरू होतात त्या कडेवरून चाक उतरले की डाव्या बाजूने, पुढून, 'खट्' असा कोरडा आवाज येतो.

आतापर्यंत एका दुकानात बॅलन्सिंग (चाकाचे वजन सर्व बाजूंनी सारखे करणे) करून घेतले आणि दुसऱ्या दुकानात अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे). फरक पडला नाही. तिसऱ्या दुकानात चारही टायर आणि चारही अलॉय (मिश्रधातूच्या रिम) बदलायला सांगितले असून खर्च बत्तीस हजारांच्या आसपास जातो. दारावरच्या स्टिकरप्रमाणे मूळ टायर १६५/८० आर १४ आहेत. सध्या गाडीला १८५/६५ आर १५ आहेत, म्हणजे अलॉय आधीच्या मालकाने बसवलेले आहेत. स्टेपनी मूळचीच, चौदा इंची लोखंडी रिमची आहे.

दर पंधरा दिवसांनी आईला अमरावतीहून तपासणीसाठी नागपूरला आणावे लागते, त्यामुळे गाडी घरी उभी ठेवणे शक्य नाही आणि अशा अवस्थेत आईला त्यात बसवणेही मनाला पटत नाही. आधी काय तपासावे आणि कशावर खर्च करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अमरावती रोड टायरवाला

दादा, मी गेली बावीस वर्षे याच रस्त्यावर टायरचे काम करतो. टायर विकणे हा माझा धंदा आहे, तरीही सांगतो की आज काहीही विकत घेऊ नका. आधी प्रत्येक टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या आकड्यांतले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. हे चार आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात आणि पुष्कळदा तीच बाजू आत बसवलेली असते, म्हणून मोबाइलचा दिवा घेऊन खाली वाकून बघावे लागेल. नागपूरच्या उन्हात रबर लवकर कडक होते. नक्षी भरपूर शिल्लक दिसते, पण खोबणीच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायर मी तरी हायवेवर वापरू देणार नाही.

दुसरे, हवा. ती सकाळी, गाडी निघण्यापूर्वी तपासा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, आणि एका बाजूने ऊन खाल्लेल्या गाडीची त्या बाजूची दोन चाके दोन-तीन पौंड जास्त दाखवतात. लोक दुपारी पंपावर येऊन ती "जास्तीची" हवा सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच टायर कमी हवेवर धावतात. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवाच असते, कारण कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेरीला दुमडते आणि त्या दुमडण्यानेच आतून तापते. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तिसरे, तळहात टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत लागले आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे टोचले, तर टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. फक्त आतली कड घासली असेल तर तेही लिहा. टायरचा आकार बदलला याची काळजी करू नका. १६५/८० आर १४ चा व्यास साधारण ६२० मिलिमीटर येतो आणि १८५/६५ आर १५ चा ६२२; हा बदल कोणीतरी विचार करून केलेला आहे.

शेवटी एक फुकटची परीक्षा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर पुढची दोन चाके आपसांत बदला आणि त्याच रस्त्यावर चालवून पाहा. गाडी आता उजवीकडे ओढू लागली तर दोष टायरचा आहे. डावीकडेच ओढत राहिली तर दोष गाडीचा आहे.

निवृत्त निदेशक, आयटीआय

आपल्या तीन तक्रारींपैकी ओढणे आणि 'खट्' हा आवाज या दोहोंचे मूळ एक असू शकते; थरथर मात्र स्वतंत्र आहे. तिन्हींना एकच आजार समजून उपचार झाल्यामुळे पैसे खर्च होऊनही गुण आलेला नाही, असे मला वाटते.

थरथरीचे आधी पाहू. ती ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच येते, ब्रेकशी तिचा संबंध नाही आणि ती स्टिअरिंगमध्ये जाणवते, यावरून ती पुढच्या फिरत्या भागातून येत आहे असे मानायला हरकत नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर आली असती तर डिस्कवर संशय घेतला असता, फक्त वेग वाढवताना आली असती तर ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या जॉइंटवर, आणि सीटमधून आली असती तर मागच्या चाकांवर. १०० च्या वेगाने आपले चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या घेते. रिमच्या कडेला केवळ ५० ग्रॅमचा असमतोल राहिला, तरी त्या वेगाला तो जवळपास पावणेआठ किलो वजनाच्या जोराने चाकाला बाहेर खेचतो, आणि त्या खेचण्याची दिशा सेकंदाला १४ वेळा फिरते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ५० च्या वेगाला तो दोन किलोच्याही आत असतो. वर्धा रोडच्या गर्दीत आपल्याला काहीच जाणवले नाही याचे कारण हेच आहे. त्यात आपली चूक नाही.

परंतु बॅलन्सिंग होऊनही थरथर राहिली, म्हणजे असमतोल वजनाचा नसून आकाराचा असू शकतो. बॅलन्सिंगचे यंत्र वजन मोजते, गोलाई मोजत नाही. खड्ड्यात आपटून किंचित लंबगोल झालेल्या रिमलाही वजने लावून यंत्रावर शून्य आणता येते, पण रस्त्यावर ते चाक प्रत्येक फेरीला गाडीला वर-खाली करतच राहते. हे घरी तपासता येते. सपाट जागेवर मागच्या चाकांना ओंडके लावा, पुढची एक बाजू जॅकने उचला आणि गाडीखाली घोडी (लोखंडी स्टँड) द्या; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. मग विटेवर खडूचा तुकडा असा ठेवा की त्याचे टोक रिमच्या कडेपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर राहील, आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट पूर्ण फेरीत सारखी राहिली पाहिजे. ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरहून अधिक बदलत असेल तर रिम वाकलेली आहे. हीच परीक्षा रिमच्या आतल्या कडेलाही करावी, कारण खड्ड्याचा मार पुष्कळदा आतल्या कडेवर बसतो आणि बाहेरून रिम निर्दोष दिसते.

चाक उचललेले असतानाच ते घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा, नंतर ३ आणि ९ वर धरून हलवा. उभ्या धरणीत खेळ (सैलपणा) आढळला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. आडव्या धरणीत खेळ आढळला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचे चाकाकडचे टोक. 'खट्' आवाजासाठी मात्र गॅरेजमध्ये, गाडी वर घेऊन, लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे, पहारीने ढकलून पाहावे लागतील. डोळ्यांनी पाहून बुश चांगला वाटतो आणि पहार लावली की रबराची चीर उघडते, हे मी मुलांना वर्गात शेकडो वेळा दाखवले आहे. लिंक रॉड आणि स्ट्रटचे (पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या खांबाचे) वरचे माउंट हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

अलाइनमेंट या सगळ्यानंतर करायची असते. बुश फाटलेला असेल तर गाडी उभी असताना चाक एका कोनात राहते आणि चालताना दुसऱ्या कोनात जाते, मग यंत्रावर कितीही अचूक आकडे आणले तरी ते रस्त्यावर टिकत नाहीत. आपल्याला अलाइनमेंटचा छापील कागद मिळाला होता का, आणि त्यावर आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे आहेत का, हे जरूर कळवावे.

दुरुस्ती होईपर्यंत ८० च्या आत चालवावे आणि समृद्धी महामार्गावर ही गाडी नेऊ नये. तिथे १२० ची मुभा आहे, सलग काँक्रीट आहे, आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही.

त्रिमूर्तीनगरची वाचक

सरांनी लिहिलेल्या तपासणीत मी एक गोष्ट जोडते, कारण माझ्या गाडीत नेमकी तीच निघाली होती आणि ती शोधण्यात माझे चार महिने गेले.

मूळ रिमचे मधले भोक गाडीच्या हबवर घट्ट बसते, त्यामुळे चाक आपोआप मध्यावर येते आणि नट फक्त ते दाबून धरतात. बाजारातून घेतलेले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचे मधले भोक मोठे ठेवलेले असते. हब आणि रिम यांच्यातली ती फट भरायला एक कडी बसवावी लागते, जिला दुकानात हब रिंग म्हणतात. माझ्या गाडीचा हब ५४ मिलिमीटरचा आणि अलॉयचे भोक ७३ मिलिमीटरचे होते. मध्ये कडीच नव्हती. प्रत्येक वेळी चाक कोणता नट आधी आवळला जातो त्याप्रमाणे केसभर सरकून बसत असे, आणि म्हणून थरथर कधी जास्त, कधी कमी असायची. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक शंकूने मध्यावर धरले जाते, त्यामुळे तिथे तीन वेळा शून्य आले. गाडीवर ते मध्यावर बसतच नव्हते.

चाक काढल्यावर हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा. त्या गंजाची पापडीही चाकाला तिरके बसवू शकते. कडी शक्यतो अॅल्युमिनिअमची घ्यावी. माझी पहिली प्लॅस्टिकची कडी एका पावसाळ्यानंतर चिरलेली निघाली. आणि नट तपासा. काही रिमना नटाची बैठक शंकूच्या आकाराची असते आणि काहींना गोलाकार. चुकीच्या जोडीत नट आवळल्यासारखा वाटतो, पण पुरता टेकलेला नसतो.

मनीषनगरकर

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मनापासून आभार. गेल्या नऊ दिवसांत जे सापडले ते सविस्तर लिहितो.

पुढच्या दोन्ही टायरवर १८१६ हा आकडा निघाला, म्हणजे ते २०१६ च्या मे महिन्याचे आहेत. मागचे ३५२१ आहेत. पुढच्या डाव्या टायरवर हात फिरवला तेव्हा आतल्या बाजूला करवतीचे दात स्पष्ट लागले. पुढची चाके आपसांत बदलल्यावर ओढ थोडी कमी झाली, पण बाजू बदलली नाही. त्याच रात्री टायरवाल्या दादांचे वाक्य आठवून मी गॅरेजची वेळ घेतली.

खडूची परीक्षा अंगणात केली. डाव्या चाकाची फट सारखी राहिली. उजव्या चाकाची बाहेरची कडही ठीक होती, पण आतल्या कडेला एका ठिकाणी खडू रिमला चक्क घासला आणि पांढरी रेघ उमटली, तर विरुद्ध बाजूला फट दोन मिलिमीटरच्या पुढे गेली. चाक खाली घेऊन त्या जागी बोट फिरवले तेव्हा सुमारे चार बोटे लांबीचा चपटा भाग हाताला लागला. ताईंनी लिहिल्याप्रमाणे हबही पाहिला. उजवीकडे कडी अजिबात नव्हती आणि डावीकडे प्लॅस्टिकची होती, तिचा तुकडा उडालेला होता.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी माझ्यासमोर डाव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला पहार लावली. रबर अर्ध्याहून अधिक फाटलेले होते आणि आर्म अंगठ्याच्या जाडीइतका मागे-पुढे जात होता. पहार सोडली की तोच 'खट्' आवाज आला, जो मी तीन महिने ऐकत होतो.

अलाइनमेंटचा कागद आधीच्या दुकानाने दिलाच नव्हता. या वेळी मागून घेतला. दुरुस्तीपूर्वी डाव्या चाकाचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकण्याचा कोन) २ अंश १० मिनिटे आणि उजव्याचा ३ अंश ५ मिनिटे होता. आर्म बदलल्यानंतर डावा २ अंश ५५ मिनिटांवर आला. त्यानंतर टो बसवला. ओढ गेली, आवाज गेला. उजवी अलॉय सरळ करावी की बदलावी, आणि नवे दोन टायर पुढे बसवावेत की मागे, हे दोन प्रश्न राहिले आहेत.

निवृत्त निदेशक, आयटीआय

आपण आकडे लिहिलेत हे फार चांगले केले, कारण त्यातून ओढण्याचे कारण उघड दिसते. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी जाते. बुश फाटल्यामुळे डावे चाक मागे सरकत होते, त्याचा कॅस्टर उजव्यापेक्षा जवळपास एक अंशाने कमी झाला आणि गाडी डावीकडे निघाली. लहान गाड्यांत सहसा फक्त टो बसवता येतो; कॅस्टर आणि कँबर (चाकाचा वरच्या बाजूने आत-बाहेर झुकाव) यांना जुळवणीचा बोल्टच बहुधा नसतो. म्हणून तिथे आकडा चुकलेला दिसला की काहीतरी फाटले आहे, वाकले आहे किंवा अपघातात सरकले आहे, असे समजून शोध घ्यावा लागतो. आपल्या आधीच्या दुकानाने टो बसवून गाडी परत दिली असणार. आता दोन्ही बाजूंत उरलेला १० मिनिटांचा फरक जाणवणार नाही. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते बांधलेले असतात, त्यामुळे डाव्या लेनमध्ये अगदी हलकी डावी ओढ निरोगी गाडीलाही असते. तिच्यामागे लागू नका.

अलॉय बदला. लोखंडी रिम ठोकून सरळ करता येते, अलॉय तापवून सरळ करताना सूक्ष्म चीर पडली तर ती डोळ्यांना दिसत नाही, आणि आईला घेऊन १५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला मी तो धोका पत्करू देणार नाही.

अमरावती रोड टायरवाला

सरांशी मी सहमत आहे. अलॉय सरळ करून देणारे चांगले कारागीर आहेत, पण आतल्या कडेचा चपटेपणा चार बोटांचा असेल तर एकच नवी रिम घ्यावी. चारही बदलण्याची गरज नाही.

नवे दोन टायर मागे बसवा आणि मागचे २०२१ चे पुढे आणा. हे ऐकून बहुतेक गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालतात, कारण गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि पुढचेच टायर आधी झिजतात. पण पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि वेग कमी केला की पकड परत येते. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. जुने टायर पुढे आणण्यापूर्वी खोबणीतल्या उंचवट्याच्या खुणा बघा. नक्षी झिजून त्या खुणेच्या बरोबरीला आली म्हणजे केवळ १.६ मिलिमीटर खोली उरली. पाऊस तोंडावर असताना त्याच्या कितीतरी आधीच टायर बदलावा.

नट आवळताना टॉर्क पाना वापरायला सांगा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळून घ्या, आणि अलॉय असल्यामुळे शंभरएक किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा तपासा.

त्रिमूर्तीनगरची वाचक

स्टेपनीबद्दल एक विचारायचे राहिले. ती लोखंडी रिमची आहे, तर तिला अलॉयचेच नट लावायचे ठरवले आहे का? माझ्याकडे मूळ नटांची वेगळी पिशवी टूल किटमध्ये ठेवावी लागली, कारण अलॉयचे नट लोखंडी रिमवर नीट टेकत नव्हते. आणि हब रिंग अडकून राहिली तर स्टेपनी हबवर चढतच नाही, हेही एकदा घरी करून पाहा. रात्री अमरावतीच्या वाटेवर कोंढाळीच्या पुढे ते कळण्यापेक्षा बरे.

मनीषनगरकर

ताई, आज सकाळी तेच करून पाहिले. उजवीकडे अॅल्युमिनिअमची नवी कडी हबवर घट्ट बसली होती, ती पेचकसाने हलकेच उकलून काढावी लागली. मूळ नट आधीच्या मालकांकडे अजून होते. त्यांनी आनंदाने दिले आणि ते आता जॅकजवळ ठेवले आहेत.

नवी रिम, दोन नवे टायर मागे, दोन्ही पुढच्या हबवर कड्या आणि पुन्हा बॅलन्सिंग, इतके करून काल वाडीच्या पुढे नेली. ९० ते ९५ ला किल्ल्यांचा जुडगा वाजला नाही. स्टिअरिंगमध्ये रस्त्याची खरखर तेवढी जाणवते. सगळा खर्च मिळून त्या बत्तीस हजारांच्या निम्म्याहून थोडा कमी झाला.

स्टेपनी बाहेर काढली तेव्हा तिच्यावरचा आकडाही वाचला: २२१५. नक्षी जशीच्या तशी आहे, टायर एकदाही रस्त्याला लागलेला दिसत नाही, पण बाजूवर त्या केसासारख्या भेगा आहेत. दादा, १६५/८० आर १४ चा एक टायर आपल्याकडे असेल तर शनिवारी येतो.